दुसऱ्या टोकाचा माणूस

“‘आलं’ म्हणायच्या आधी खरंच आलंय का बघ रे! तुझ्या खोट्यानं दुसऱ्याची कंबर जाते.”

मुकादमाचा हा आवाज म्हाताऱ्याच्या कानात अजून होता. मुकादम जाऊन किती वर्षं झाली, पण आवाज काही जायला तयार नव्हता. घरसामान हलवणाऱ्या हमालांचा एवढा एकच कायदा. कपाटाच्या एका टोकाचा माणूस विचारणार, “आलं?” वजन खरोखर हातावर आलं, की मगच दुसऱ्यानं म्हणायचं, “आलं.” त्यानंतर पाऊल. पुढे म्हातारा स्वतः टोळी चालवू लागला, तेव्हा एकदा खोटं ‘आलं’ म्हटलं म्हणून त्यानं आपल्या मेहुण्याला टोळीतून काढून टाकलं होतं. भावाला काढलं म्हणून बायकोनं महिनाभर अबोला धरला. ते दिवस शांततेत गेले, असं तो पुढे सांगायचा.

मग एका ओल्या जिन्यावर त्याचाच पाय घसरला. कपाटाला ओरखडासुद्धा आला नाही. गिऱ्हाइकानं तेवढं कौतुक केलं. त्याचं मात्र कमरेखालचं अंग गेलं.

तेव्हापासून घरातलं सगळ्यात जड सामान तोच होता. सकाळी त्याला खाटेवरून उचलून खिडकीजवळच्या खुर्चीत बसवायचं, दुपारी परत खाटेवर. तो उभा असायचा तेव्हा बायको त्याच्या बरगडीपर्यंत यायची. “उचलायला दोघं लागतील,” डॉक्टर म्हणाले होते. घरात दोघंच होती, आणि त्यातल्या एकाला उचलायचं होतं.

पहिले काही दिवस शेजारी आले. मग त्यांनाही कामं निघाली. ती एकटीच खाटेच्या कडेला उभी राहायची, नवऱ्याकडे बघायची आणि पुन्हा त्याचं पांघरूण सारखं करायची.

“डाव्या पायात जोर आलाय,” एका सकाळी त्यानं सांगून टाकलं. “मी रेटा देतो. तू फक्त धर.”

त्या दिवसापासून तो खुर्चीत बसू लागला. सामान बांधायचा रुंद पट्टा ती त्याच्या कमरेला आवळायची. त्याच्या गुडघ्यांना आपले गुडघे लावायची, त्याचे हात गळ्यात घ्यायची, आणि त्याच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणायची, “देवा, आता तूच रे बाबा.”

“त्याला कशाला मध्ये घेतेस?” तो डाफरायचा. “त्यानं जन्मात कधी कपाट उचललंय?”

“तुम्ही गप्प बसा. आलं?”

यावर तो थांबायचा. डोळे मिटून घ्यायचा. पायात जोर गोळा करत असतील, असं तिला वाटायचं. मग तो म्हणायचा, “आलं.” आणि एवढा थोरला देह सायीसारखा अलगद वर यायचा. ती कुणालाही सांगायची, “मी कुठं उचलते? हेच उठतात.”

रविवारी लेक आली. येतानाच सगळं ठरवून आली होती. अशा माणसांना सांभाळणारी एक जागा होती. तिथं दिवसरात्र माणसं होती, उचलायला यंत्र होतं. खाटही मिळाली होती. संध्याकाळी गाडी येणार होती.

“यंत्र?” म्हातारा म्हणाला. “ते ‘आलं?’ विचारतं का?”

“बाबा, थट्टा पुरे. आई पडली तर मी कुणाकुणाला उचलू?”

“अगं, पण मी उचलतच नाही,” आई म्हणाली. “हे पायानं रेटा देतात.”

“दाखव मला.”

आईनं पट्टा आवळला. लेक खाली बसली आणि तिनं बाबांच्या डाव्या पोटरीवर हात ठेवला. आईनं देवाला हाक मारली. बाबा आज डाफरले नाहीत.

“आलं?”

तो थांबला. डोळे मिटले.

“आलं.”

वर उठला, वळला, खुर्चीत बसला. आईनं पदरानं कपाळ पुसलं आणि लेकीकडे बघितलं. बघितलंस ना, असं. लेक जमिनीवरच बसून होती. तिचा हात अजून पोटरीवर होता.

“आई, हा पाय हललासुद्धा नाही. यात काही नाहीच.”

आई वाकली. तिनं पोटरीला कचकचून चिमटा घेतला.

“दुखलं?”

“कुठं?” म्हाताऱ्यानं विचारलं.

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

“रोज खोटं बोलत होते,” लेक हळूच म्हणाली. “रोज. आणि सगळं वजन तुझ्या एकटीवर.”

आईनं नवऱ्याच्या कमरेचा पट्टा सोडला. नीट गुंडाळला. लेकीच्या हातात दिला.

“गाडी येऊ दे,” ती म्हणाली. “माझ्या भावाला यांनी एका खोट्या ‘आलं’वरून घरी बसवलं. खोटं ‘आलं’ म्हणणाऱ्याबरोबर मीही उचलणार नाही.”

पडल्यापासून लोक म्हाताऱ्याला बिचारा म्हणाले होते, लुळा म्हणाले होते, ते त्यानं ऐकून घेतलं होतं. हे ऐकून घेण्यासारखं नव्हतं.

“पायाचं खोटं बोललो,” तो म्हणाला. “तू हात लावायला भीत होतीस, म्हणून बोललो. पण ‘आलं’ एकदाही खोटं म्हटलं नाही. तू मला विचारायचीस, तेव्हा मी देवाला विचारायचो. त्याच्या हातावर वजन आलं, की मगच तुला सांगायचो.”