ऐनाखालची मेंदी

चिचपल्लीच्या पुढे, रस्त्याकडेच्या ऐनाच्या झाडाखाली रईसने सवयीने स्कूटर थांबवली आणि मग त्याच्या ध्यानात आलं, आज मागे अम्मी बसली आहे.

"काऊन थांबला रे? पेट्रोल सरलं?"

"नाई अम्मी. इंजिन गरम झालं."

वरोऱ्यापासून अख्तरीबीने प्रश्नांचा नुसता सपाटा लावला होता. कोळशाचे ट्रक कुठे चालले, हे जंगल कोणाच्या मालकीचं, सून राहते तिथे रात्री लाइट असते का. तिची ही पहिलीच खेप. रईस मात्र दोन वर्षं दर शनिवारी सीट-कव्हरचं दुकान बंद करून याच रस्त्याने गडचिरोलीला जात होता. नाहीद तिथे सरकारी दवाखान्यात नर्स होती. "नवरा एका गावी, बायको दुसऱ्या गावी, याले का संसार म्हनते?" असं म्हणत अम्मी आज सुनेला नोकरी सोडायला लावून घरी न्यायला निघाली होती. तिचे कपडे भरायला मोठी रिकामी बॅग मांडीवर घेऊन. नाहीदचा त्या नोकरीत किती जीव होता ते रईस जाणून होता. पण आईसमोर बोलायला त्याची जीभ रेटत नव्हती.

ऐनाखाली पाल्याचा मोठा ढीग होता. वाळलेल्या डहाळ्या खाली, हिरव्या वर. शेजारी सीताफळांची टोपली घेऊन एक बाई बसली होती, वच्छला. तेवढ्यात एक ट्रकवाला उतरला, झुडपाची डहाळी मोडून ढिगावर ठेवली आणि निघून गेला.

"हे का आहे, बाई?" बॅगेसकट उतरून तिच्याशेजारी टेकत अख्तरीबीने लगेच विचारलं.

"जंगलात शिरताना डगाल ठेवतेत, आजी. वाट सुखरूप कटते. जाणारा ठेवते, नाई तं घरी त्याची वाट पाह्यते ते मानूस ठेवते."

अख्तरीबीने मुलाकडे पाहिलं. "तू बी ठेवतं का रे?"

रईस उगीचच इंजिन चाचपू लागला. "छे, अम्मी. आपल्यात कुठी चालते हे?"

"ठेवते ना!" वच्छलाने हसत पुरतं भांडं फोडलं. "दर शनवारी. गाडी थांबवते, इकडं पाह्यते, तिकडं पाह्यते अन् हळूच ठेवते."

रईस कानापर्यंत लाल झाला. अख्तरीबी आता त्याला चांगलीच फैलावर घेणार होती, पण तिची नजर ढिगावर खिळली. सगळ्यात वर बारीक पानांची एक डहाळी होती. तिने वाकून एक पान चुरगळलं, नाकाशी धरलं.

"ही तं मेंदी आहे. जंगलात मेंदी कुठून आली?"

"मले बी तेच समजून नाई राह्यलं," रईस म्हणाला. "दर शनवारी असते. पन इचारू कोनाले? इचारलं तं मी इथी थांबतो हे माहीत झालं असतं."

"लच्छू आनते," वच्छला म्हणाली. "गडचिरोलीच्या काळ्या-पिवळ्या जीपचा डरायवर. तिथल्या दवाखान्यातली एक नर्सबाई सकाळी त्याच्यापाशी देते. म्हनते, आमचे स्कूटरनं येतेत, तेवढी ठेवून दे."

रईस ढिगाकडे पाहतच राहिला. नाहीद कधी बोलली नव्हती. तसा तोही कुठे बोलला होता! बायको हसेल या भीतीने दोन वर्षं तोंडाला कुलूप.

वरोरा सोडल्यापासून पहिल्यांदाच अख्तरीबी गप्प झाली. सून गडचिरोलीला निघाली तेव्हा दारातल्या मेंदीची काडी ओल्या फडक्यात गुंडाळून तिनेच दिली होती. रागाने वर म्हणालीही होती की, तिथल्या मुरमात काही जगायची नाही.

"जगली म्हनायची," ती स्वतःशीच पुटपुटली. तिला रडू आलं, आणि मुलासमोर रडू आलं म्हणून रागही आला. तिने मांडीवरची बॅग उघडून वच्छलापुढे धरली.

"भर बाई याच्यात सीताफळं. सुनेले लई आवडते."

"पुरी बॅग, आजी?"

"पुरी."

"अम्मी, मंग तिचे कपडे?" रईसने घाबरतच विचारलं.

अख्तरीबीने उठून ऐनाची एक डहाळी मोडली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि हळूच मेंदीच्या शेजारी ठेवली.

"आजची तं नाहीदनं ठेवलीच आहे ना, अम्मी."

"ही आजची नाई," डोक्यावरचा पदर सावरत ती स्कूटरवर बसली. "तुह्या पुढल्या शनवारची आहे. चाल, काढ गाडी."