शनिवारच्या आत टीव्ही

"ह्याच्यात गवत जरा जास्तच हिरवं दिसतंय," असं म्हणून पोकुआ आत्या पुढच्या टीव्हीकडे वळली.

"गवत हिरवंच असतं, आत्या," सेरवा म्हणाली. "घे आणि चल."

कुमासीच्या अदुम बाजारातलं हे तिसरं दुकान. पहिल्या दुकानातल्या टीव्हीच्या कडा जाड निघाल्या, दुसऱ्यात आत्याला कुणी 'बसा' म्हटलं नाही. इथे खुर्ची मिळाली होती, वर पंखाही होता. म्हणजे बाई आता संध्याकाळपर्यंत हलत नाही. सेरवा टोमॅटोची पाटी शेजारणीच्या भरवशावर टाकून आली होती आणि मघापासून दातओठ खात उभी होती.

टीव्ही घ्यायचा होता बाबांच्या घरासाठी. आत्या ही बाबांची धाकटी बहीण, पण त्यांच्या घराण्यात शब्द तिचाच चालायचा. तीन महिने झाले, बाबा इस्पितळातच होते, आणि आत्याचा हेका एकच: घर नीटनेटकं झाल्याशिवाय त्यांना आणायचं नाही. आधी भिंती रंगवल्या. रंग पसंत पडला नाही म्हणून पुन्हा रंगवल्या. मग सोफा आला, पडदे आले. आता हे.

टीव्हीचं नुसतं नाव निघालं तरी सेरवाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. वर्षानुवर्षं बाबा हाच टीव्ही मागत होते. घरातला जुना खोका फटके मारल्याशिवाय लागत नसे, आणि लागला तरी चेंडू कुठे आणि मुंग्या कुठे ते कळत नसे. "ह्या वयात कशाला हवीत ही थेरं?" आत्या दर वेळी धुडकावून लावायची. मग बाबा काठी टेकत रस्त्यापलीकडे न्हाव्याच्या दुकानात मॅच बघायला जायचे. असेच एकदा निघाले आणि टॅक्सीनं त्यांना उडवलं.

"मावशी, हा पासष्ट इंची बघा," दुकानदार म्हणाला. "ह्याच्यावर फोटोही फिरते लावता येतात. शनिवारच्या आत हवाय ना? सगळ्यांना शनिवारच्या आतच लागतो. माझा माणूस भिंतीवर ठोकून देईल."

"फोटो लागतात?" आत्याला खुर्चीतच हुरूप आला. "दादाचे तरुणपणचे लावू. बोआचेला आवडेल."

बोआचे म्हणजे आत्याचा मुलगा. तो हॅम्बुर्गला असतो, पैसे त्याचेच होते.

"मग झालं तर," सेरवा म्हणाली. "घे हा."

"घेऊ गं. पण बोआचे म्हणतो, ह्या शनिवारी त्याला सुट्टी नाही. फाटकालाही अजून रंग लागायचाय. मी म्हणते, पुढच्या महिन्यातच सगळं झोकात करू. अक्राहून माणसं येणार. पोकुआनं सख्ख्या भावाला असल्या घरात आणलं म्हणतील."

"पुढच्या महिन्यात?"

"दादाला आता कसली घाई आहे?"

सेरवाचं डोकंच फिरलं.

"कसली घाई? तिथे किती गार असतं ठाऊक आहे तुला? एकदा तरी पाऊल टाकलंस तिथे? मी जाते तर मला दारातूनच परत पाठवतात! तो माणूस तिथे परक्यांत एकटा पडलाय, आणि तू इथे बसून गवताचा रंग बघतेस? ज्याला एक खोका बदलून दिला नाहीस, त्याच्या नावानं भिंतभर टीव्ही! कुणाला दाखवायचाय गं?"

"हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत की! लोकांसाठीच तर चाललाय हा तमाशा."

आत्या उठून उभी राहिली. दुकानदार उगाचच एका टीव्हीवरची धूळ पुसायला लागला.

"नीट ऐक, सेरवा. आपल्यात मूल आईच्या घराण्याचं धरतात, तू तुझ्या आईच्या घराण्यातली. दादा आमचा. त्याला कधी आणायचं, कसं आणायचं, ते आम्ही ठरवणार. रीतच आहे तशी. तुझा काय संबंध?"

रीत तशीच होती, तिथे बोलायला जागा नव्हती. पोटची पोर असून सेरवाला ह्यात मत नव्हतं. तिला भर दुकानात रडू फुटणार होतं, ते तिनं रागानं गिळलं.

"रीत ना? मग रीतीनंच बोलू," ती म्हणाली. "एक गोष्ट मुलांनीच आणायची असते. ती घराण्यानं आणून चालत नाही. हो की नाही? ह्या शनिवारी बाबा घरी आले नाहीत, तर मी ती आणणार नाही. मग बसव तुझ्या अक्राच्या पाहुण्यांना नव्या सोफ्यावर आणि दाखव टीव्ही!"

आत्याचा चेहरा खर्रकन उतरला. "असं नको गं बोलूस. चारचौघांत माझं नाक कापशील?"

"कापीन. बघच तू."

आत्या पुन्हा खुर्चीत बसली. मग पिशवीतून फोन काढला.

"बोआचे, ह्याच शनिवारी. नाही, म्हणते ना, ह्याच! सुट्टी मिळत नसेल तर फोनवर बघ." तिनं फोन बंद केला आणि दुकानदारावर खेकसली, "तोंड काय बघताय? तो पासष्ट इंची बांधा."

सेरवा टीव्ही बांधून व्हायची वाट बघत थांबली नाही. इस्पितळाच्या रस्त्यावर सुतारांची रांग आहे, तिथे ती तडक गेली. आत्याचा काही नेम नव्हता, फोन करून पुन्हा फिरली असती. पहिल्याच दुकानात एक म्हातारा सुतार लाकूड तासत बसला होता.

"शनिवारच्या आत होईल?" तिनं विचारलं.

"होईल की. कुणासाठी?"

"वडलांसाठी."

"कधी वारले?"

"तीन महिने झाले. टॅक्सीनं उडवलं, जागच्या जागीच गेले, तेव्हापासून इस्पितळाच्या शवागारात आहेत," सेरवा म्हणाली. "शवपेटी साधी असली तरी चालेल, पण लांबीला कमी करू नका, माझे बाबा चांगले उंच होते."