पायगुण

सक्करदऱ्याच्या नाल्याला पूर आला आणि आमच्या नव्याकोऱ्या मातीच्या घराची दर्शनी भिंत बसली. खालचा थर वाळल्याशिवाय वरचा चढवू नका, असं मी घसा कोरडा करून सांगितलं होतं. पण सासऱ्यांना गृहप्रवेशाचा मुहूर्त गाठायचा होता. आता पडक्या भिंतीसमोर शेजाऱ्यांना ते सांगत होते, "नव्या सुनेचा पायगुणच खराब." पायगुण! भिंतीसाठी भुसा-कुटार घातलेला चिखल मी याच पायांनी तुडवला होता, टाचांच्या भेगांत माती अजून होती. दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं भिंतीसाठी माती भिजवली, तसे सासरे ओरडले, "काय पाहून राहिली वं? तुडव ना!" मी बादलीभर पाण्यानं घासूनघासून पाय धुतले आणि सगळ्यांसमोर खाटेवर मांडी घातली. "माह्या पायानं भिंत पडते ना, मामाजी? मग तुमचे पाय घाला चिखलात. मुहूर्त पाहत बसू नका, आभाळ भरून येऊन राहिलं."