अकरा दिवसांचं मेज
वॉशिंग्टनच्या सेनेटमध्ये मी तीस वर्षं द्वारपाल होतो. डाकोटाचे सेनेटर हॅल्वर्सन अचानक वारले, तेव्हा निवडणुकीपर्यंतच्या अकरा दिवसांसाठी टेस्डाल नावाच्या वकिलांना त्यांच्या जागी नेमलं. "आले पाहुणे!" म्हणून बाकीचे हसायचे. शेवटच्या दिवशी मी त्यांच्या मेजाचा खण उघडला. आत शंभर वर्षांत तिथं बसलेल्यांनी जाताना कोरलेली नावं होती. मी चाकू पुढे केला. "कोरा, साहेब. रीतच आहे." "अहो, अकरा दिवसांचा माणूस मी!" "खणात नाव कोरतात, दिवस नाही." ते बराच वेळ नावांवरून बोट फिरवत राहिले, मग वाकून सावकाश एक नाव कोरून निघाले. मी वाचलं: हॅल्वर्सन. दोनदा निवडणुकीत ज्यांनी टेस्डालना पाडलं, त्यांचंच नाव अचानक गेल्यामुळे कोरायचं राहिलं होतं. त्या लाकडाला चाकू लावायचा मला अधिकार नव्हता. तरी मी खाली 'टेस्डाल' कोरलं.