तीन इशारे

चॅनेलवर वाद पेटला होता. चौकीवरच्या जवानाने निःशस्त्र माणसाला गोळी का घातली? निवृत्त ब्रिगेडियर टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "तीन वेळा ओरडून इशारा दिला होता! थांबायचं सोडून हा हातवारे करत पुढे आला. अशा एकाला पुढे येऊ दिलं तर उद्या सगळी सीमा पेटेल. त्या पोराने करायचं तरी काय?"

पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीत खुणांच्या भाषेची दुभाषी त्यांचा शब्द न् शब्द हातांनी सांगत होती. सहा वर्षांत तिचा आवाज प्रेक्षकांनी कधी ऐकला नव्हता.

"चौकीचा व्हिडिओ आत्ताच हाती आलाय," सूत्रसंचालक म्हणाला.

समोरच्या मॉनिटरवर तो माणूस चालत येताना दिसला. तिचे हात हवेतच थबकले. कानातल्या यंत्रातून निर्माती खेकसली, "अगं, थांबलीस काय? लाइव्ह आहोत आपण!"

तिने कानातलं यंत्र काढलं आणि चौकटीतून निघून ती थेट टेबलाशी, ब्रिगेडियरांच्या माइकसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, तो बोलतोय. तीनदा एकच वाक्य. 'मला ऐकू येत नाही, जवळ येऊन लिहून दाखवतो.'"