त्याची जाळी

फडताळावरून काढताना गळांचा डबा खुळखुळला आणि घरातली शांतता मोडली. नवरा बुडाला त्याला अजून महिनाही झाला नव्हता. आज थोरले दीर त्याचं सामान न्यायला आले होते.

"पडून राहिलं तर कुजेल गं," ते म्हणाले, आणि ते काही खोटं नव्हतं.

तिने एकेक वस्तू पुढे केली. काठावरून भिरकावायचं गोल जाळं, पापलेटचं विरळ विणीचं, कोळंबीचं इतकं दाट की मुंगी सुटू नये, खेकड्यांचे पिंजरे. दिरांनी दोराचं वेटोळं उचललं आणि ते तसेच उभे राहिले.

"जाळं सोडताना हा पायात अडकतोच कधीतरी. म्हणून तर कमरेला सुरी असल्याशिवाय आम्ही होडीत पाय टाकत नाही. एक घाव घातला की माणूस मोकळा. आणि आमच्या शहाण्याच्या पट्ट्यात नेमकी सुरीच नाही! चपलासुद्धा जोडीने ठेवणारा माणूस, विसरला कसा?"

"नशीब, भाऊजी," ती जाळ्यांच्या घड्या घालत म्हणाली. "दुसरं काय?"

उंबऱ्यात बाहुलीला थोपटत बसलेल्या लेकीने मान वर केली.

"आई, बाबा कुठे विसरले? माझ्या झोपाळ्याची दोरी कापायला त्यांच्या पट्ट्यातली सुरी तूच काढली होतीस ना? मग परत का नाही ठेवलीस?"