कपाटाची काच

फिजिक्सच्या तासाला लाटा शिकवता शिकवता शेषेराव सर फळ्याला टेकले, आणि टेकले ते खालीच बसत गेले. पुढच्या बाकावरच्या पोरी हसल्या, कारण भूकंपाची गोष्ट सांगताना सर दरवर्षी असेच धडपडून दाखवायचे. किल्लारीकडच्या गावात घर अंगावर आलं तेव्हा ते शाळकरी होते. ‘लोकांनी नखं तुटेस्तोवर माती उपसली अन् मला वर काढलं,’ इथवर गोष्ट आली होती. या खेपेला मात्र सर उठले नाहीत.

ऑफिसातून दीपमाला पळत आली. लातूरच्या या क्लासचं सगळं ऑफिस तीच बघायची. सरांभोवती पोरांचा गराडा पडलेला. हातपाय दोनदा झटकले होते, तेवढ्यावर वॉचमन अण्णारावनं निदान करून टाकलं.

“फीट हाय. कांदा आणा. न्हाईतर चप्पल द्या इकडं.”

आपल्याकडं माणूस पडला की आधी चप्पल हुंगवायची, मग डॉक्टर. तसंच झालं. कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी तळपाय चोळले, कुणी रुग्णवाहिकेला फोन लावला. सरांच्या घशातून एकदा घरघर आली. श्वास आला म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. मग तीही थांबली.

तेव्हा कुठं दीपमालाला ते यंत्र आठवलं.

डॉक्टर मुनीब, याच क्लासचा जुना विद्यार्थी, ते भेट देऊन गेला होता. हृदय अचानक थांबलं तर विजेचा झटका देऊन चालू करायचं यंत्र. “मॅडम, जिन्यापाशी लावा. उघडलं की ते स्वतःच बोलून सांगतं काय करायचं. फक्त कुलपात ठेवू नका,” असं त्यानं बजावलं होतं. पण क्लासचे मालक सिद्धेश्वर सर म्हणाले, एवढी भारी वस्तू, पोरं खेळत बसतील. आणि खरं सांगायचं तर तिलाही ते पटलं होतं. मग यंत्र गेलं त्यांच्या केबिनमधल्या काचेच्या कपाटात, ट्रॉफ्या आणि पहिल्या आलेल्या पोरांच्या फोटोंच्या मधोमध. पालक आले की सर बोट दाखवायचे. दसऱ्याला दीपमालानंच त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. कपाटाची किल्ली सिद्धेश्वर सरांच्या खिशात, आणि सर आज नांदेडला, नव्या शाखेच्या उद्घाटनाला.

ती कपाटासमोर उभी राहिली. वीतभर अंतरावर यंत्र, त्यावर वाळलेली माळ. तिनं कुलूप ओढून बघितलं. टेबलावर पितळेची जड घंटा होती, कोपऱ्यात लोखंडी स्टूल होतं. आणि या बाईनं काय करावं? फोन लावला. मालकाच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हे अंगात इतकं मुरलेलं की दुसरं काही सुचलंच नाही.

फोन वाजत राहिला. तिकडं नारळ फुटत असेल, हारतुरे चालले असतील. तिनं पुन्हा लावला. पुन्हा.

अण्णाराव दारात आला. “मॅडम, सर निळे पडून राहिले.”

“फोन उचलंना झालेत,” ती म्हणाली.

शेवटी उचलला. मागं बँड वाजत होता.

“सर, शेषेराव सर पडलेत. ते यंत्र पाहिजे. काच फोडू का?”

पलीकडून सिद्धेश्वर सर बँडच्या वर ओरडले.

“अहो, फोडा की मॅडम. इचारून काय राहिलात मला?”

घंटेच्या एका घावात काच खाली आली. लई पातळ निघाली.

वर्गात नेऊन उघडलं तसं यंत्र खरंच बोललं. शांत बाईच्या आवाजात, हिंदीत, एकेक गोष्ट सांगत गेलं. तिनं सरांचा सदरा फाडला, पट्ट्या छातीला चिकटवल्या. यंत्रानं तपासलं आणि सांगितलं, झटक्याची गरज नाही.

“गरज न्हाई म्हणतंय,” अण्णारावचा चेहरा उजळला. “बरे झाले व्हय सर?”

दीपमालाला मात्र कळलं. झटका द्यायचा तर हृदयात निदान थरथर तरी उरावी लागते, हेही मुनीबनं सांगितलं होतं. यंत्र छाती दाबा म्हणालं, ती दाबत राहिली. रुग्णवाहिकेतल्या माणसांनी तिला बाजूला केलं तेव्हा तिचे हात थांबले.

सर गेले, त्याबद्दल तिला कुणी बोल लावला नाही. सिद्धेश्वर सर नांदेडहून आले ते तोंडावर रुमाल धरून रडले. शेषेराव सरांच्या बायकोनं, सिंधूताईंनी, उलट तिचाच हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “तुमी लई केलं बाई.” दीपमालानं आपल्या त्या हाताकडं पाहिलं. काच फोडताना त्याला साधं खरचटलंही नव्हतं. पुढं कित्येक दिवस तिला त्याचीच जास्त लाज वाटत राहिली.

क्लास पुन्हा सुरू झाला त्या सकाळी तिनं यंत्राची माळ काढली, हळदकुंकू ओल्या फडक्यानं पुसलं आणि जिन्यापाशी भिंतीत खिळा ठोकून घेतला. अण्णाराव हातोडी धरून उभा होता.

“कुलूप कोणतं लावायचं, मॅडम?”

“नको.”

“पोरं हात लावतील की. कुणी उचलून नेलं म्हंजे?”

दीपमालानं यंत्र खिळ्याला अडकवलं, आणि पुन्हा एकदा काढून बघितलं. सहज निघालं.

“नेऊ द्या, अण्णाराव,” ती म्हणाली. “उचलता येतं, एवढं तरी कळंल त्यांना.”